जोडीचे बॉयलर: उभ्याकडे दुर्लक्ष करण्याच्या या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीतली सरकीची तेल मिल. दोन बॉयलर, एकच हेडर (दोघांची वाफ जमा होते तो जाड पाइप), एकच चिमणी. एक चालतो, दुसरा स्टँडबाय, म्हणजे उभा. चालत्याकडे सगळे बघतात, माझी भांडणं उभ्यावरून होतात.

सगळ्यात जुना राग एअर कॉकचा, म्हणजे बॉयलरच्या डोक्यावरच्या हवेच्या तोटीचा. एका शनिवारी नव्या पोराने दोन नंबर बंद केला, वाफेचा मेन व्हॉल्व्ह आवळला आणि घरी गेला. एअर कॉक बंदच. एक लिटर पाण्याची साध्या दाबाला १६००-१७०० लिटर वाफ होते. तीच थंड होऊन परत पाणी झाली की आत व्हॅक्यूम. गेजचा काटा मात्र शून्याच्या खुंटीला टेकून गप्प, शून्याखालचं त्याला दिसतच नाही. बॉयलरला पाणी देणारी फीड टाकी वरच्या माळ्यावर. चेक व्हॉल्व्ह पाणी फक्त आत जाऊ देतो, दोन रात्री बॉयलरने त्यातूनच पाणी ओढलं. सोमवारी पोरगा गेज ग्लास बघून खूश, "दादा, पानी फुल शे!" मी पोचायच्या आत त्याने पेटवून मेन व्हॉल्व्ह खोललासुद्धा. पाणी हेडरमध्ये गेलं, लाइन घणासारखी वाजली, गॅस्केट उडालं. दुपारपर्यंत मिल बंद आणि मालकाचा फोन चालू.

माझी सवय सांगतो. बंद करताना काटा अर्ध्या किलो दाबावर आला की एअर कॉक उघडायचा आणि फीडचा हाताचा व्हॉल्व्हही आवळायचा. पेटवताना कॉक उघडाच. आधी हवा फुसफुसते, मग वाफ-पाणी थुंकतं, मग सरळ वाफ सुटते. ती सरळ झाली की मी अजून पाच मिनिटं थांबतो. ही पाच मिनिटं पोरांना जिवावर येतात. पण सात किलोला वाफ १७० अंशांची हवी. हवा मिसळलेली असली तर काटा सातच दाखवतो, सरकी शिजवणाऱ्या कुकरला मात्र तेवढा ताप पोचत नाही. मग ओरडा ऑपरेटरच्या नावाने.

दुसरी चूक, उभ्याचा डॅम्पर (धुराच्या वाटेवरची झडप) उघडा ठेवणं. चिमणी त्याच्या ट्यूबमधून गार हवा ओढत राहते, पाण्यातली उष्णता वर जाते, चालत्याचा ड्राफ्टही (चिमणीची ओढ) पडतो. पऱ्हाटीच्या ब्रिकेटचे पैसे मोजून आपण आभाळ तापवतो. मे महिन्यात जळगावच्या आभाळाला आपली गरज नाही. पण जाळीवर निखारे असताना डॅम्पर पूर्ण बंद करू नका, विषारी वायू बॉयलर हाउसमध्ये येतो. पेटवण्याआधी डॅम्पर खोलून आयडी फॅन (धूर ओढणारा पंखा) चालवा, घाई असली तरी.

न पेटवता उभ्याचा काटा चढतोय? मेन व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही (वाफ उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) दोन्ही गळतायत. "बरं झालं, फुकट गरम राहतो" म्हणणारे भेटतात. ती वाफ फुकटची नसते, आत पाणी होऊन साठते. आणि आत माणूस उतरणार असेल तर व्हॉल्व्हवर विसंबू नका, लाइन पुरती बंद करणारी ब्लँक प्लेट टाका.

लॅगिंग (उष्णता धरणारं आवरण) फक्त शेलला, म्हणजे बॉयलरच्या अंगाला, व्हॉल्व्ह-फ्लँज उघडे, हे तर सगळीकडेच. आमच्याकडे गॅस्केट बदलताना काढलेलं पत्र्याचं कव्हर अजून पॅनलमागे आहे. त्यात मांजर व्यालीय.