पाणी ओसरल्यावर आधी काय: घर, विहीर, गोठा आणि वावर

बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ मराठवाड्यापर्यंत पोचतं तेव्हा त्याचा वारा बहुतेक मेलेला असतो, पाऊस मात्र शिल्लक असतो. २६ सप्टेंबर २०२१ ला 'गुलाब' वादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलं. पुढच्या दोन दिवसांत त्याच्या उरलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रानं इथं एवढा पाऊस पाडला की मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर कुठलं नाव दिलेलं वादळ नसतानाही बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, जालना, परभणीत गावंच्या गावं पाण्यात गेली.

पाणी चढत असताना जो तो जीव वाचवतो. टाळता येण्यासारखं बरंचसं नुकसान मात्र पाणी उतरल्यावर होतं. कुणी ओल्या मोटारीचं बटण दाबतं, कुणी भिजलेल्या भिंतीखाली झोपतं, कुणी पंचनाम्याआधीच गाळ ओढून काढतं. म्हणून खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका.

लाईट

घरात पाय ठेवण्याआधी सर्व्हिस वायर, म्हणजे खांबावरून घरापर्यंत येणारी वायर, बघा. वादळात ती सैल होऊन पत्र्यावर टेकली असेल तर अख्ख्या पत्र्यात, दाराच्या लोखंडी चौकटीत आणि कपडे वाळवायच्या तारेत करंट उतरतो. अशा वेळी घरातलं मेन स्विच बंद करून उपयोग नाही, कारण दोष खांब आणि मीटर यांच्या मधे असतो. वायरमनकडून खांबावरूनच जोड काढून घ्या. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२. डीपीच्या कुंपणाजवळ किंवा तुटलेल्या तारेजवळ पाणी साचलं असेल तर त्या पाण्यातून कुणी जाऊ नये, जनावरंही नेऊ नयेत.

पाणी बोर्डापर्यंत चढलं असेल तर बोर्ड उघडून गाळ धुवा आणि चांगला वाळू द्या. भिजलेले एमसीबी आणि ईएलसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारे स्विच) वाळवून परत वापरू नका. आत गाळाचा थर राहतो, आणि खरी वेळ येते तेव्हा ते पडत नाहीत.

विहिरीवरच्या मोनोब्लॉक मोटारीचं वायंडिंग ओलं असताना ती चालू केली की जळतेच. खोलून स्वच्छ पाण्यानं गाळ काढा, बेअरिंगमधलं जुनं ग्रीस काढून नवं भरा, मोटार दोन-तीन कडक उन्हं खाऊ द्या आणि वायंडिंगवाल्याकडून मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून घ्या. इन्सुलेशन एक मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर अजून वाळवायची. पाणबुडी मोटार पाण्यातच राहायची असते, तिला पुराचं भय कमी. तिथं बिघडतो तो वरचा स्टार्टर, कपॅसिटर आणि केबलचा जोड. इंजिन, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल बुडाली असेल तर किक किंवा सेल्फ मारू नका. आधी ऑइल बघा. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलंय.

भिंत आणि माळवद

याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि माणसं याच्याखालीच सापडतात. पांढऱ्या मातीत बांधलेली दगडी भिंत पावसात उभी राहते आणि पाऊस थांबल्यावर, कधी ऊन पडल्यावर दोन-तीन दिवसांनी बसते. भिजलेल्या मातीचं वजन वाढलेलं असतं, पायाजवळची माती मऊ झालेली असते, आणि वरचा भाग आधी वाळून आकसला की सांधे सुटतात. माळवदाचं तर छतच मातीचं, त्यामुळे ओलं झालेलं सगळं ओझं तुळयांवर येतं.

बाहेरूनच बघून घ्या. भिंतीला पोट सुटलंय का, कोपऱ्यात उभी चीर आहे का, दार नेहमीपेक्षा जाम झालंय का, तुळईचं टोक भिंतीतून सरकलंय का. ओळंबा सोडून बघितला तर फुगवटा लगेच कळतो. प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख टाका. चीर खुणेपुढे गेली तर त्या खोलीत कुणी झोपायचं नाही, सामानासाठीही आत रेंगाळायचं नाही. गळतंय म्हणून माळवदावर चढून माती ओढायला जाऊ नका, तुमचं वजन हेच शेवटचं ओझं ठरू शकतं. आतून टेकू द्यायचा झाला तर जाणत्या गवंड्याकडून, खाली फळी ठेवून. ओल्या जमिनीत नुसतं लाकूड रुतून बसतं.

काळ्या मातीवरच्या सिमेंटच्या घरांचं दुखणं उशिरा कळतं. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, त्यामुळे भेगा दिवाळीनंतर दिसायला लागतात. त्या लगेच लिंपू नका. जमीन पुरती वाळेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत, भेग हलत राहते आणि गिलावा परत फुटतो.

आधी फोटो, मग फावडं

मदत मिळते ती नोंदीवर. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००, कमाल २ हेक्टरपर्यंत. राज्य सरकार कधी दर तर कधी क्षेत्राची मर्यादा वाढवतं, म्हणून त्या वेळचा शासन निर्णय बघावा. शेतात ३ इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे, आणि नदीनं पात्र बदलून जमीनच नेली तर अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,०००.

म्हणूनच गाळात पट्टी उभी रोवून, आकडा वाचता येईल असा फोटो काढा. दुसरा फोटो लांबून घ्या, ज्यात विजेचा खांब, विहीर किंवा मोठं झाड अशी न हलणारी खूण येईल. मोबाईलमध्ये तारीख आणि ठिकाण छापणारा कॅमेरा वापरा. घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहते, तीही टिपा. पुसली गेली की पुरावा गेला.

पंचनाम्याला तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, फार्मर आयडी एका पिशवीत तयार ठेवा. ई-पीक पाहणीत सोयाबीन आणि वावरात कापूस असा घोळ असेल तर तिथेच सांगा. पैसे अडकतात ते बहुतेक तीन कारणांनी: बँक खात्याला आधार जोडलेला नसणं, यादीत गट क्रमांक किंवा क्षेत्र चुकणं, आणि सामायिक खात्यात बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र नसणं. तिसरं सगळ्यात वेळखाऊ, म्हणून त्याच्या मागे पहिल्याच आठवड्यात लागा.

पीक विम्याचं गणित वेगळं. वैयक्तिक नुकसानीचं संरक्षण योजनेत असतं तेव्हा ७२ तासांच्या आत ॲपवर किंवा १४४४७ वर कळवावं लागतं. खरीप २०२५ ला राज्यानं हे संरक्षण काढून भरपाई पीक कापणी प्रयोगावर नेली होती. त्या हंगामाची अट कृषी कार्यालयात विचारा. शंका असेल तर ७२ तासांत कळवून ठेवलेलं बरं.

गाळ आणि घर

फोटो झाले की मात्र थांबू नका. काळा गाळ ओला असताना फावड्यानं निघतो, वाळला की टिकावही उचलून टाकतो. भिंतीच्या एकाच बाजूचा सगळा गाळ उपसू नका; दोन्ही बाजू थोड्या थोड्या उतरवत न्या, नाहीतर दुसऱ्या बाजूचा दाब भिंत ढकलतो. अडगळीत, सरपणात, पोत्यांच्या खाली हात घालण्याआधी काठीनं हलवा. घोणस, मण्यार, नाग कोरड्या जागेच्या शोधात घरातच आलेले असतात. साप चावला तर दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं काहीही करू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता १०८ बोलवा.

गाळ निघाल्यावर फरशी साध्या पाण्यानं धुवा, मग १५ लिटरच्या बादलीत साधारण पाव किलो टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कालवून पुसा आणि अर्धा तास राहू द्या. चिखलावर नुसती पावडर भुरभुरून काही होत नाही. चिखलच तिची सगळी ताकद खातो. संडास साफ करायचं ॲसिड तिच्यात मिसळू नका, विषारी वायू निघतो.

पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य, पीठ, डाळ खाण्यासाठी ठेवू नका. वाळवून वास गेला तरी बुरशीचं विष जात नाही, विशेषतः मका आणि भुईमुगात. गॅसच्या शेगडीचा रेग्युलेटर आणि नळी भिजली असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, मगच काडी ओढा.

विहीर आणि बोअर

पुराचं पाणी शिरलेली विहीर लगेच कोरडी उपसायची हा बहुतेकांचा पहिला विचार असतो. बांधकाम कच्चं असेल तर तो धोक्याचा आहे. बाहेरची जमीन पाण्यानं तुडुंब असते; आतलं पाणी एकदम उतरलं की बाहेरचा दाब दगड आत ढकलतो आणि विहीर ढासळते. रोज तीन-चार फूट उपसा, एक रात्र थांबा, कडा बघा, मग पुढे. विहिरीत उतरून इंजिन चालवू नका. धूर आत साठून माणसं गुदमरतात.

मग पाणी मोजा. गोल विहिरीचा व्यास फुटांत घ्या, त्याला व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं आणि शेवटी २२ ने. उत्तर लिटरमध्ये येतं. २० फूट व्यास आणि १५ फूट पाणी असेल तर २० × २० × १५ × २२, म्हणजे १,३२,००० लिटर. नेहमीची मात्रा १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे या विहिरीला ३३० ग्रॅम. पुरानंतर दुप्पटीपासून सुरुवात करा.

पावडर थेट विहिरीत ओतू नका. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त न घेता आधी पेस्ट करा, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून विहिरीत सोडा. ती बादली दोरानं पाण्याखाली नेऊन वर-खाली हलवली की औषध सगळीकडे पोचतं. खालचा चुना फेकून द्या, त्यानं पाणी जड होतं. तासाभरानंतर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करा. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे; नाही आला तर तेवढीच मात्रा पुन्हा. पावडर जुनी असेल, पोतं उघडं पडलेलं असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, आणि मग कितीही मोजून टाका, टेस्ट पिवळी होत नाही.

साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी असतं. १०० फूट पाण्याला दीडशे ग्रॅमचं निवळ द्रावण सोडा, रात्रभर ठेवा आणि वास जाईपर्यंत पाणी बाहेर सोडून द्या. ते पाणी प्यायचं नाही.

घरच्या हंड्यात आधी तुरटी फिरवा, गाळ बसल्यावर गाळून घ्या आणि उकळा, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या मात्रेनं टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी काम करत नाही. जुलाब लागले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजत राहा. चिखलात काम केल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

गोठा

मेलेलं जनावर कानातल्या टॅगसह फोटो काढल्याशिवाय आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं पाहिल्याशिवाय पुरू नका. त्याच निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, ओढकामाच्या जनावराला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये आहेत. पुरताना सहा-आठ फूट खड्डा, खाली-वर चुना, आणि विहिरीपासून लांब.

वाचलेल्या जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस झाली नसेल तर आताच करा. सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी १९६२. भिजलेला कडबा पेंढ्या सोडून उभा करून वाळवा, काळी बुरशी आलेला टाकून द्या. वाया गेलेलं धान्य किंवा कोंब फुटलेलं सोयाबीन जनावरांपुढे ढिगानं टाकू नका. एका रात्रीत पोटफुगी किंवा आम्लता होऊन चांगली जनावरं जातात.

वावर

साचलेलं पाणी उताराच्या बाजूनं चर काढून बाहेर घाला, पण वाफसा (मशागतीजोगी ओल) येईपर्यंत ट्रॅक्टर आत नेऊ नका. ओल्या काळ्या मातीत चाक गेलं की खाली घट्ट थर बनतो आणि वर ढेकळं होतात, ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत फुटत नाहीत.

पाणी उतरल्यावर ऊन पडलं की कपाशी अचानक माना टाकते. ही आकस्मिक मर, रोग नव्हे. मुळांना हवा मिळत नाही म्हणून होते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस अशी: १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड, प्रत्येक झाडाच्या बुडाशी १०० मिली, सुकवा दिसल्यापासून एक-दोन दिवसांत. उशीर झाला तर झाड परत उठत नाही.

सोयाबीनची गंजी भिजली असेल तर मध्ये हात घालून बघा. गरम लागली की ताबडतोब पसरा. नुसती ताडपत्री टाकली तर आतून काळी पडते. मळणी करताना भिजलेला आणि कोरडा माल वेगळा ठेवा, नाहीतर सगळ्याचाच भाव पडतो.

शेंगेत भिजलेलं सोयाबीन बियाण्याला ठेवायचंच असेल तर उगवण बघून. १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पोतं ओलं राहील असं पाणी शिंपडा आणि सातव्या दिवशी मोजा. ७० किंवा त्याहून जास्त दाण्यांना निरोगी कोंब असतील तर बियाणं. त्याखाली असेल तर तो माल बाजारात घाला. आणि ही चाचणी पेरणीच्या तोंडावर, मे महिन्यात, पुन्हा एकदा करा, कारण पावसात भिजलेल्या दाण्याची उगवण साठवणीत झपाट्यानं घटते.