प्रेस शॉपमधील सुरक्षेची घडी कशी बसवावी

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत वाहनांसाठी पत्र्याचे सुटे भाग करणारे असंख्य लहान-मध्यम कारखाने आहेत. पन्नास ते दोनशे कामगार, दहा-वीस पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी किंवा त्याला आकार देणारी यंत्रे), एक टूल रूम, थोडे वेल्डिंग आणि दोन शिफ्ट असे त्यांचे साधारण स्वरूप असते, आणि त्यांतला सर्वांत ओळखीचा अपघात म्हणजे डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) बोटे सापडणे. हे मार्गदर्शन अशा कारखान्याचे मालक, व्यवस्थापक आणि शिफ्ट इनचार्ज यांच्यासाठी आहे. मोठ्या कंपन्यांकडे सुरक्षा विभाग असतो; येथे तो नसतो, म्हणून व्यवस्था उभी करण्याचे काम उत्पादन पाहणाऱ्या माणसांनाच करावे लागते, आणि माझ्या मते ते त्यांनीच करणे अधिक योग्य आहे.

जबाबदारी कोणाची, हे आधी कागदावर आणावे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून कारखाना अधिनियम, १९४८ तिच्यात सामावला गेला आहे. या संहितेनुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला आणि घातक प्रक्रिया असल्यास २५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. आपला कारखाना या आकड्याखाली आहे, एवढ्यावरून सुरक्षा हे कोणाचेच काम नाही असा अर्थ पुष्कळ ठिकाणी काढला जातो. वस्तुस्थिती उलट आहे: कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य कामगारांच्या संख्येवर अवलंबून नसून ते थेट मालकावर असते. म्हणून मालकाच्या सहीने एक पानाचे पत्र काढावे. कोणती यंत्रे कोणाच्या ताब्यात आहेत, धोका दिसल्यास यंत्र बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि बंद केलेले यंत्र पुन्हा कोणाच्या परवानगीने सुरू होईल, हे त्यात मराठीत आणि हिंदीत लिहावे. यंत्र बंद करण्याचा अधिकार ऑपरेटरलाही द्यावा आणि त्याने तो वापरला म्हणून त्या दिवशीचे उत्पादन त्याच्या नावावर कमी धरले जाणार नाही, हेही त्याच पत्रात नमूद करावे.

त्यानंतर हेल्मेट आणि हातमोज्यांची खरेदी करण्याच्या मागे न लागता एक फेरी मारावी. ही फेरी एका दिवसात उरकण्यासारखी नसते. ऑपरेटर, मेन्टेनन्सचा फिटर आणि शिफ्ट इनचार्ज यांना बरोबर घेऊन प्रत्येक यंत्रापाशी अर्धा तास उभे राहावे, आणि किमान एकदा रात्रपाळीतही जावे. काम सुरळीत चालू असताना धोका फारसा दिसत नाही. डाय बदलताना, अडकलेला जॉब (प्रेसमध्ये घातलेला नग) काढताना, स्क्रॅप ओढताना, तेल घालताना आणि वीज जाऊन परत आल्यावर तो उघड होतो. म्हणून प्रत्येक ऑपरेटरला एकच प्रश्न शांतपणे विचारावा: काम अडले की तुम्ही काय करता? उत्तर ऐकताना त्याला दटावू नये. जे ऐकू येईल ते यंत्राचा क्रमांक, काम, इजा कशी होऊ शकेल, सध्या काय उपाय आहे, काय करायचे, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत, अशा रकान्यांच्या साध्या वहीत उतरवावे. ही वहीच तुमच्या सगळ्या व्यवस्थेचा पाया ठरेल, मग पुढे आयएसओ ४५००१ (कामाच्या जागेवरील सुरक्षा व आरोग्य व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक) चे प्रमाणपत्र घ्यायचे असो वा नसो.

पॉवर प्रेस

येथे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण चुकीचा उपाय बसवून निश्चिंत होण्याचा धोका येथेच सर्वाधिक असतो. जुने यांत्रिक प्रेस बहुधा की-क्लचचे, म्हणजे धातूच्या चावीने फिरते चाक आणि शाफ्ट जोडणाऱ्या क्लचचे, असतात. त्यांत पेडल दाबून क्लच एकदा गुंतला की रॅम (डायचा वरचा भाग खाली आणणारा भाग) पूर्ण फेरा, म्हणजे एक स्ट्रोक, करूनच थांबतो. मधल्या कोणत्याही क्षणी त्याला अडवता येत नाही. अशा प्रेसवर लाइट कर्टन (हात किरणांच्या आड आला की यंत्राला थांबण्याचा इशारा देणारा प्रकाशपडदा) बसवणे म्हणजे पैसे खर्च करून खोटा विश्वास विकत घेणे होय, कारण प्रकाशकिरण तुटले तरी स्ट्रोक खाली येणारच असतो. या प्रेसला स्थिर गार्ड लावावा, ज्याच्या फटीतून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही, किंवा गार्ड बंद झाल्याशिवाय क्लच गुंतूच नये असा इंटरलॉक असलेला गार्ड बसवावा. क्लचची चावी किंवा स्प्रिंग झिजली की पेडल न दाबताही दुसरा स्ट्रोक येऊ शकतो, आणि हात डायमध्ये असताना नेमके हेच घडले तर ऑपरेटरचा काडीमात्र दोष नसतो. म्हणून चावी, स्प्रिंग आणि ब्रेक यांची तपासणी ठरलेल्या तारखेला व्हावी आणि झिजलेली चावी घासून पुन्हा बसवू नये, ती बदलावी.

न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लचचा प्रेस मात्र स्ट्रोकच्या मध्येही थांबवता येतो, त्यामुळे त्यावर लाइट कर्टन उपयोगी पडते. परंतु ते कोठे बसवायचे हे अंदाजाने ठरवू नये. प्रेसला थांबायला किती वेळ लागतो हे उपकरणाने मोजून घ्यावे आणि हात सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने पुढे जातो असे धरून अंतर काढावे. थांबण्याचा एकूण वेळ ०.२ सेकंद असेल तर कर्टन डायच्या धोक्याच्या जागेपासून किमान ४० सेंटिमीटर दूर हवे, आणि कर्टनच्या किरणांमधील अंतरानुसार त्यात आणखी भर घालावी लागते. ब्रेकचे लायनर झिजले की थांबण्याचा वेळ वाढतो, म्हणून हे मोजमाप ठरावीक मुदतीने पुन्हा करावे. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली आणि त्या निमित्ताने दरवर्षी ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह पाळला जातो. शपथ आणि फलक यांबरोबर त्या आठवड्यात सगळ्या प्रेसचा थांबण्याचा वेळ मोजण्याचा नेम ठेवला, तर त्या सप्ताहाचे सार्थक होते.

दोन्ही हातांनी बटणे दाबल्यावरच स्ट्रोक यावा, ही व्यवस्था चांगली आहे, पण ती फसवता येणार नाही अशी हवी. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली नाहीत तर स्ट्रोक न देणारा रिले बाजारात मिळतो, आणि तोच बसवावा. एका कारखान्यात मला एका बटणावर लाकडी पाचर ठोकलेली दिसली होती. ऑपरेटरला विचारले तेव्हा त्याने डायमधील लोकेटिंग पिन दाखवली. ती इतकी झिजली होती की पत्रा एका हाताने धरून ठेवल्याशिवाय जागेवर बसत नव्हता. ती पिन बदलल्यावर पाचरीची गरज उरली नाही. त्या ऑपरेटरला नोटीस देऊन पाचर निघाली असती, पण आठवड्याभरात ती परत आली असती. गार्ड काढलेला दिसला की प्रथम डाय, फीडिंग आणि टार्गेट यांकडे पाहावे असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच. गार्ड लावून तासाला जितके नग निघतात तितक्यावरच टार्गेट आणि इन्सेन्टिव्ह ठरवले नाहीत, तर गार्ड काढण्याचे पैसे आपणच कामगाराला देत असतो.

उपायांचा क्रमही याच विचाराने लावावा. हात डायमध्ये जाण्याची गरजच राहणार नाही असे पाहणे सर्वांत उत्तम: कॉइल फीडर, घसरगुंडी, हवेच्या झोताने जॉब बाहेर टाकणे. ते शक्य नसेल तेथे गार्ड. त्यानंतर चिमटा किंवा मॅग्नेटिक पिकअपसारखी हाताची साधने. आणि सर्वांत शेवटी हातमोजे. हातमोज्याने पत्र्याची कड लागत नाही, पण प्रेसखाली बोट वाचत नाही, आणि ड्रिल मशीनवर तर हातमोजा फिरत्या ड्रिलमध्ये गुंतून हात ओढून नेतो. त्यामुळे ‘सर्वांनी सर्वत्र हातमोजे घालावेत’ असा सरसकट फलक लावू नये.

डाय बदलणे आणि दुरुस्ती

मेन स्विच बंद केल्यावरही फ्लायव्हील (प्रेसचे जड चाक) काही काळ फिरत राहते, एअर लाइनमध्ये दाब शिल्लक असतो आणि वर थांबलेला रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. म्हणून डायमध्ये हात घालण्यापूर्वी स्विच बंद करून कुलूप लावणे, हवा सोडून देणे, फ्लायव्हील पूर्ण थांबल्याची खात्री करणे आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवणे, हा क्रम मोडू देऊ नये. कुलूप ज्याचे त्याचे आणि किल्ली ज्याची त्याच्याच खिशात असावी. दोन माणसे काम करत असतील तर दोन कुलपे लागावीत. नंतर स्टार्टचे बटण दाबून यंत्र खरोखर सुरू होत नाही हे पाहावे. शिफ्ट बदलताना अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीची माहिती तोंडी देऊ नये, ती यंत्रावर लावलेल्या टॅगवर लिहावी.

आवाज

बोट गेलेले सर्वांना दिसते; कान गेलेला दिसत नाही. आपल्याकडील नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि दर ५ डेसिबलला मुदत निम्मी होते: ९५ ला ४ तास, १०० ला २ तास. ब्लँकिंग (पत्र्यातून तुकडा कापणाऱ्या) प्रेसजवळ हे आकडे सहज गाठले जातात. प्रेसखाली कंपनशोषक माउंट बसवणे, जॉब लोखंडी पेटीत पडू न देता पेटीला रबर लावणे आणि हवेच्या झोताला सायलेन्सर नोझल लावणे, हे उपाय स्वस्त असून लगेच करता येतात. इअर प्लग त्यानंतर. नोकरीवर घेतानाच श्रवणचाचणी करून ठेवावी आणि दरवर्षी ती पुन्हा करावी. अशी हानी बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसू लागते. त्या वेळी माणसाला नेहमीच्या बोलण्यात काहीच जाणवत नसते, आणि गेलेले ऐकणे परत येत नाही.

नवीन आणि कंत्राटी कामगार

ठेकेदाराकडून सकाळी आलेला मुलगा दुपारी प्रेसवर बसवला जाणे, ही या क्षेत्रातील सर्वांत लाजिरवाणी प्रथा आहे आणि ती बंद करणे पूर्णपणे व्यवस्थापनाच्या हातात आहे. प्रेसवर कोण बसू शकेल याची नावांची यादी प्रत्येक यंत्रावर लावावी आणि यादीत नाव येण्यापूर्वी शिकवणी व प्रात्यक्षिक घेतल्याची सही असावी. शिकवणी कामगाराच्या भाषेत व्हावी. बिहार किंवा ओडिशातून आलेल्या माणसाने इंग्रजी कागदावर केलेली सही कोर्टात दाखवता येईल, पण त्याचा हात वाचवणार नाही. शिकवल्यानंतर ‘आता तू मला करून दाखव’ असे म्हणावे. प्रशिक्षकांना तयार करण्यासाठी मुंबईत शीव येथील केंद्रीय कामगार संस्थेच्या अभ्यासक्रमांची चौकशी करावी.

थोडक्यात वाचलेले प्रसंग आणि समिती

पाचर, दुसरा स्ट्रोक, निसटलेली साखळी असे प्रसंग इजा न होता टळले तरी नोंदले गेले पाहिजेत. त्यासाठी चिठ्ठ्या टाकायची पेटी ठेवण्यापेक्षा शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटे उभ्याने विचारणे जास्त उपयोगी ठरते. चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द आले की चौकशी थांबली असे समजावे आणि कागद परत पाठवावा. सुरक्षा समिती कायद्याने बंधनकारक नसली तरी नेमावी. संहितेनुसार समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत, हे तत्त्व लहान कारखान्यानेही पाळावे आणि कंत्राटी कामगारांपैकी एकाला त्यात घ्यावे. बैठक महिन्यातून एकदा, फेरीत तयार केलेल्या वहीसमोर: कोणती तारीख उलटली आणि का, एवढाच विषय पुरेसा आहे.

अपघात झालाच तर

प्रत्येक शिफ्टमध्ये किमान दोघांना प्रथमोपचार यावेत आणि हात अडकला असताना प्रेस उलटा फिरवून रॅम कसा उचलायचा हे डाय सेटरखेरीज आणखी दोघांना माहीत असावे. जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब देऊन हात वर धरावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी; बोट थेट बर्फावर ठेवल्यास ऊती मरतात आणि ते जोडण्याची शक्यता जाते. बोट जोडण्याची सोय कोणत्या रुग्णालयात आहे, हे आधीच विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. यंत्र त्याच अवस्थेत राहू द्यावे, फोटो घ्यावेत, आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला तसेच ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असल्यास तेथे मुदतीत कळवावे. अपघात घरी पडून झाला असे लिहून घेणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्या माणसाचा अपंगत्वाचा लाभही त्याच्याकडून हिरावून घेतला जातो.

शेवटचे काम पडताळणीचे. क्रेन, चेन ब्लॉक, स्लिंग आणि एअर रिसीव्हर यांची तपासणी सक्षम व्यक्तीकडून मुदतीत करून घ्यावी आणि पुढील तारीख वस्तूवरच रंगवावी. प्रेसची तपासणी मात्र रोजची आहे: शिफ्टच्या सुरुवातीला ऑपरेटर आणि इनचार्ज यांनी मिळून गार्ड उघडून पाहावा, प्रेस चालत नाही याची खात्री करावी, इमर्जन्सी स्टॉप दाबून बघावा, आणि दोघांनी सही करावी. प्रेस चालला तर त्याला कुलूप लावावे, मग ट्रक दाराशी उभा असला तरीही.