चिरेखाणीवर परत गवत आणायचंय? मग बी आत्ताच गोळा करा

मंडळी, कोकणातून पाऊस माघारी गेलाय, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत पिवळं पडायला लागलंय आणि भातं कापून झाली की गुरं मोकळी सुटणार, त्याच्या आधीचे हे जे थोडे दिवस आहेत ते ज्यांच्या जमिनीत बंद पडलेली चिरेखाण (जांभा दगडाचे चिरे कापून काढलेली खाण) आहे त्यांनी अजिबात वाया घालवू नका. बहुतेक जण खाणीचं काय करायचं ते मे महिन्यात ठरवतात, तेव्हा जेसीबी मिळतो पण बी मिळत नाही. सड्यावरच्या गवताचं बी दुकानात शोधायला जाऊ नका, ते सड्यावरच आहे, आणि एकदा गळलं की पुढच्या वर्षीपर्यंत वाट बघायची.

बी पिकलं की नाही ते सोपं आहे बघायला, तुरा हातात धरून हलका चोळला की दाणे सुटून येतात. दव सुकल्यावर, साधारण दहा-अकरानंतर कापा. मारवेल, कुसळी, सड्यावर जे काय मिश्र गवत असेल ते सगळं घ्या, नुसती कुसळी नको, तिची कुसळं गुरांच्या तोंडाला लागतात. सोबत रानमेथी आणि कवल्याच्या शेंगा पण गोळा करा, या द्विदल वनस्पती आहेत, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतात आणि खाणीच्या उघड्या मातीत नेमकं तेच नसतं. एका जागेवरनं सगळं ओरबाडू नका, तिथे पण बी पडायला हवं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, रानगवताचे बरेच दाणे पोकळ असतात, नखाने दाबून बघा, आत काही लागलं तरच तो दाणा. म्हणून बी भरपूर लागतं. एवढं निवडत बसायला वेळ नसेल तर पिकलेलं गवत बियांसकट कापून भारे बांधून ठेवा आणि जूनमध्ये तेच खाणीत पसरा, बी पण पडतं आणि वर आच्छादन पण होतं. मला विचाराल तर हीच पद्धत बरी, मजुरी वाचते. बी सावलीत सुकवून गोणपाटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. ताजं बी लगेच उगवत नाही म्हणून घाबरू नका, बऱ्याच गवतांच्या बियांना काही महिने विश्रांती लागतेच, ती जूनपर्यंत होऊन जाते.

जमिनीचं काम फेब्रुवारी ते मे. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या घरात पाऊस पडतो तरी सडा कोरडाच, कारण माती असते जेमतेम चार बोटं आणि पाणी थांबतच नाही, ऑक्टोबरनंतर जूनपर्यंत सात महिने जवळजवळ पाऊस नाही. खाणीत तर ती चार बोटं पण गेलेली असतात आणि मशीनने कापलेला तळ फरशीसारखा गुळगुळीत, मूळ जाणार कुठे? तो तळ ब्रेकरने उतारावर आडवा फोडून घ्या, खड्डे-उंचवटे राहू देत, मुद्दाम सपाट करू नका. पडलेल्या डबराचे, म्हणजे तुटक्या दगडांचे, छोटे आडवे बांध घाला, चिऱ्याचा भुगा आणि बाजूला काढलेली वरची माती त्यामागे पसरा. खाणीची एक बाजू उतरती करून घ्या, उभ्या कड्यावरून गुरं पडतात, पाणी साठलेल्या खाणीत माणसं पण बुडतात.

शेणखत घालायचं तर अगदी पातळ. सड्यावरचं गवत गरीब, आंबट मातीतलंच आहे, चुना-युरिया काही लागत नाही, उलट खत जास्त झालं की रानमोडी आणि घाणेरी ही तणं आधी उठतात आणि मग ती निघत नाहीत. मशीन लावायच्या आधी आजूबाजूचा शाबूत कातळ झाडून बघा, कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत, तुमच्या सड्यावर पण एखादं असू शकतं.

ज्यांची खाण अजून चालू आहे किंवा करार करायचाय त्यांनी वरची माती वेगळी काढून ठेवायची हे करारातच लिहून घ्या. ढीग कमरेपेक्षा उंच नको आणि वर्षानुवर्षं पडून पण नको, आतलं बी आणि जीवाणू मरतात. रेडीची लोहखनिजाची खाण किंवा दापोली-मंडणगडकडच्या बॉक्साइटच्या खाणींचं काम मोठं, तिथे आधी ढिगांचा उतार कमी करून गाळ खालच्या भातशेतीत येणार नाही हे बघावं लागतं, ते एकट्या शेतकऱ्याचं काम नाही.

पेरणी वळवाच्या पावसावर करू नका, मुंग्या बी नेतात आणि मधल्या उन्हात आलेलं कोंब करपतं. मृगाचा पाऊस लागून जमीन भिजली की ओलसर मातीत बी कालवून फेका, खोल गाडू नका, वरून काट्याची फांदी ओढली तरी पुरे. उतारावर नारळाचे झाप आडवे टाकून वर दगड ठेवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत सगळं बी व्हाळात (ओढ्यात). जुलैत मारवेलचे ठोंब आणून बांधाच्या मागे लावा.

झाडांचा मोह होतो हे मला कळतं, पण ऑस्ट्रेलियन बाभूळ नको. तिच्या पाल्याच्या थराखाली गवत येत नाही आणि गुरं तिच्याकडे बघत पण नाहीत. करवंद, किंजळ, ऐन हे कडेला ठीक. स्टायलो (चाऱ्याची द्विदल वनस्पती) लावायचं असेल तर घराजवळच्या बांधावर लावा, ते बाहेरून आलेलं आहे, सड्यावर सोडू नका.

आणि चराई. पहिली दोन वर्षं गुरं आत नको म्हणजे नकोच. भोवती डबराचा गडगा (दगड रचून केलेली भिंत) घाला आणि वाडीच्या बैठकीत आधीच सांगून ठेवा, कारण भातं निघाली की कोणाची गुरं कुठे जातील सांगता येत नाही. त्या दोन वर्षांत बी गळून गेल्यावर कापून न्या. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर थोडी गुरं सोडा, आपली कोकण कपिला अंगाने लहान, माळावर चरायला तीच बरी, आणि गवत चार बोटांवर आलं की बाहेर काढा. जानेवारी संपायच्या आत कडेने दहा फुटांची जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायला विसरू नका, वणवा फेब्रुवारीपासून कधीही येतो.