लिलाव मोडायला निघालात? आधी या चुका टाळा

लिलाव मोडला म्हणजे जमीन वाचली, ही समजूत सातारा-सांगलीच्या गावागावांत घट्ट बसलेली आहे. जतकडं पतसंस्थेचं थकलेलं कर्ज असो, माणमध्ये तहसीलदारांनी जप्त केलेले वाळूचे ढीग असोत, पद्धत ठरलेली. लिलावाच्या दिवशी माणसं गोळा करायची, बोली लावायला आलेल्या परगावच्या माणसाला ‘घे तर खरं, मग बघू कसतोस कसा’ म्हणून दम द्यायचा, आणि ‘बोलीदार आले नाहीत’ असा पंचनामा करून अधिकारी परत गेले की फटाके लावायचे. सातबाऱ्यावरचा बोजा मात्र तसाच राहतो, व्याज चालूच असतं, आणि पुढच्या लिलावाचा खर्चही थकबाकीत चढतो. वर फौजदारी खटला.

‘पाच हजार दंड, त्यात काय!’

कलम आहे भारतीय न्याय संहितेचं 219. 1 जुलै 2024 पूर्वी तेच जुन्या भारतीय दंड संहितेत 184 होतं. लोकसेवकानं आपल्या कायदेशीर अधिकारात विक्रीला काढलेल्या मालमत्तेच्या विक्रीत हेतुपूर्वक अडथळा आणला, तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कलमात दंडाची मर्यादा 500 रुपये होती. गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. हे ऐकून माणसं निर्धास्त होतात, आणि तिथंच फसतात.

कारण हे कलम सहसा एकटं येत नाही. बोलीदाराला धमकावलं की फौजदारी धाकदपटशाचं 351 लागतं. सरकारी कामात अडथळा म्हणून 221 येतं, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद. जप्तीच्या वेळीच वस्तू नेऊ दिली नाही तर 218, सहा महिन्यांपर्यंत. आणि गर्दीत कुणी मंडल अधिकाऱ्याची कॉलर धरली की 132. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. कॉलर धरणारा एक असतो, पण बेकायदा जमावाचं कलम लावलं की मागं उभ्या असलेल्यांची नावंही त्याच कागदावर येतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना अशा गर्दीत पुढं उभं करणारे पुढारी प्रत्येक तालुक्यात आहेत. ते स्वतः सहसा मागच्या गाडीत असतात.

प्रत्येक लिलाव एकच नव्हे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा किंवा तासगावात बेदाण्याचा सौदा होतो, तो शेतकऱ्याचा माल अडत्यामार्फत विकला जातो. तिथला गोंधळ या कलमात बसत नाही, त्याचे नियम बाजार समितीकडं. दिवाणी न्यायालयाच्या हुकुमनाम्यातली विक्री, महसूल अधिनियमाखालचा तहसीलदारांचा लिलाव, ही मात्र सरळ 219 ची उदाहरणं. सहकारी पतसंस्थेचा वसुली अधिकारी ‘आपल्याच गावचा, संस्थेचा नोकर’ वाटतो. पण सहकार कायद्याच्या कलम 156 आणि नियम 107 खाली लिलाव पुकारताना तो निबंधकाचे अधिकार वापरत असतो, आणि असे अधिकार वापरणाऱ्याला कलम 161 नं लोकसेवक मानलं आहे. बँकेची सरफेसी कायद्याखालची, म्हणजे न्यायालयात न जाता तारण विकून कर्ज वसूल करायच्या कायद्याखालची, विक्री वेगळी. बँकेच्या त्या अधिकाऱ्याच्या विक्रीला 219 लागू होतं का, हे वकिलाकडून तपासून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी लागूच होत नाही. जमीन खरोखर पिकाखाली असेल तर गर्दीपेक्षा हा एक मुद्दा जास्त कामाचा.

तारीख हातची घालवणं

सगळ्यात महाग चूक ही. ‘नोटीसच नीट दिली नव्हती, म्हणून अडवलं’ असं सगळेच म्हणतात. नोटिशीत खोट असेलही. महसुली लिलावात स्थावर मालमत्तेसाठी जाहीरनामा लावल्यापासून किमान 30 दिवस जावे लागतात, जंगमासाठी सात. रविवारी किंवा सार्वजनिक सुट्टीला लिलाव घेता येत नाही. पण दिवस कमी पडले की नाही, हे जिल्हाधिकारी किंवा न्यायालय ठरवतं. चावडीपुढं जमलेल्या लोकांना तो अधिकार नाही.

त्यासाठीची मुदत मोजकी असते. महसुली लिलावात विक्रीच्या तारखेपासून 30 दिवसांत अर्ज करून गंभीर अनियमितता, चूक किंवा फसवणूक दाखवता येते. नुसती चूक दाखवून भागत नाही, तिच्यामुळं आपलं खरंच मोठं नुकसान झालं हेही सिद्ध करावं लागतं. दुसरी वाट पैशाची: थकबाकी भरायची, शिवाय खरेदीदाराला त्याच्या रकमेच्या पाच टक्के द्यायचे, की विक्री रद्द होते. नियम 107 मध्येही ही सोय 30 दिवसांचीच आहे, दिवाणी न्यायालयाच्या विक्रीत 60. बहुतेक घरांत हे दिवस आमदारांच्या ऑफिसात खेटे घालण्यात जातात.

शेवटचा हातोडा पडण्याआधी पूर्ण थकबाकी भरली तर महसुली लिलाव तिथंच थांबतो. पैसे जमत आले असतील तर ते रोखीनं किंवा डीडीनं घेऊन लिलावाच्या जागी हजर राहा. पावती घ्या. बैलजोडी किंवा शेतीची अवजारं जप्त केली असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 दाखवून लेखी हरकत द्या. शेतकऱ्याचं पोट ज्यावर चालतं ती गुरं-अवजारं जप्तीतून वगळलेली आहेत, महसुली वसुलीतसुद्धा. लेखी हरकत, अपील, स्थगितीचा अर्ज हा अडथळा नव्हे, तो हक्क आहे.

भावकीचा सातबारा

कर्ज एकाचं, उतारा चौघांचा, वाटणी फक्त बांधावरची. लिलावात चौघांची जमीन जाईल म्हणून उरलेले तिघं काठ्या घेऊन उभे राहतात. त्यांचं म्हणणं खरं असू शकतं, पण ते विक्रीआधी सांगावं लागतं. न्यायालयाच्या जप्तीत मालमत्ता विकली गेल्यावर हिश्श्याचा दावा त्या प्रक्रियेत ऐकला जात नाही, मग नवा दावा लावत बसावं लागतं. फेरफार, वाटणीपत्र, पीकपाहणी, जे असेल ते जोडून जप्ती झाल्याबरोबर हरकत दाखल करा.

लुटुपुटूची बोली

काहींना वाटतं, आरडाओरडा नको, आपलाच माणूस बसवू, भाव आभाळाला नेऊ आणि पैसे भरायचेच नाहीत. बोलीतली जबाबदारी पाळायचा इरादाच नसताना बोली लावणं हा कलम 220 चा वेगळा गुन्हा आहे. त्यात दंड फक्त 200 रुपयांपर्यंत, कैद एक महिन्यापर्यंत. खरा मार दुसरीकडं बसतो. महसुली आणि न्यायालयीन विक्रीत जागेवर 25 टक्के भरावे लागतात, नियम 107 मध्ये 15 टक्के. नंतर पैसे थकवले आणि फेरलिलावात कमी भाव आला, तर फरक पहिल्या बोलीदाराकडून वसूल होतो. मित्राची जमीन वाचवायला गेलेला स्वतः थकबाकीदार होऊन परततो.

याच कलमाचा दुसरा भाग: विक्रीशी संबंधित कर्मचाऱ्याला बोली लावायला बंदी आहे. त्याच्यासाठी जाणूनबुजून बोली लावणारा मेहुणाही त्यात येतो. तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं, मेहुण्यांची सवय मात्र जुनीच.

कधी कधी लिलाव आपल्यासाठीच असतो

ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, कारखान्यानं द्यायची, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. ती थकली की साखर आयुक्त वसुली प्रमाणपत्र देतात आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलासारखी वसूल करतात, म्हणजे साखर, मळी, वेळ पडली तर कारखान्याची मालमत्ता लिलावात निघते. अशा वेळी ‘कारखाना वाचवा’ म्हणत फाटकावर उभे राहणारे बहुतेकदा सभासदच असतात, ज्यांचं बिल त्या लिलावातून यायचं आहे. कामगारांची देणी हा खरा प्रश्न आहे, पण त्याचा दावा त्याच जिल्हाधिकाऱ्यांपुढं लेखी करता येतो.

अधिकाऱ्यांचीही एक चूक नेहमीची. ठाण्यात तोंडी तक्रार देऊन ते मोकळे होतात. 219 ची दखल न्यायालय घेतं ते संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरच, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 215 प्रमाणं, आणि त्याला एक वर्षाची मुदत आहे. नुसता पोलिसांचा कागद टिकत नाही.

आणि स्थगिती मिळाली असेल तर ‘वकिलांचा फोन आलाय’ म्हणून अधिकाऱ्याला थांबवू नका. आदेशाची प्रत घेऊन पुकारा सुरू होण्याआधी पोहोचा, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि वेळ टाकून घ्या. प्रत यायला उशीर होणार असेल तर प्रकरण क्रमांक आणि न्यायालयाचं नाव लिहून तसा अर्ज आदल्या दिवशीच आवक कक्षात द्या.