प्रोसेसची मेमरी कोणत्या नोडवर आहे, हे कसे शोधावे

एकाहून जास्त प्रोसेसर असलेल्या सर्व्हरमध्ये रॅमही सहसा त्यांच्यात वाटलेली असते. प्रोसेसर आणि त्याला जोडलेली रॅम मिळून एक नोड होतो. स्वतःच्या नोडवरची मेमरी पटकन मिळते, दुसऱ्या नोडवरची उशिरा. त्यामुळे एखादा प्रोग्रॅम कारण नसताना रेंगाळत असेल, तर त्याची मेमरी कुठे आहे हे बघावे. खालच्या आज्ञा लिनक्सच्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या स्मॉल इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

आधी ‘नुमासीटीएल --हार्डवेअर’ चालवा. किती नोड आहेत, कोणाकडे किती रॅम मोकळी आहे, ते कळते. शेवटी अंतरांचा तक्ता येतो: स्वतःचा नोड १०, दुसरा बहुधा २० किंवा २१. एकच नोड दिसला तर पुढे जायची गरजच नाही.

आता ‘पीग्रेप’ने प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमचा, पीआयडी (ओळख क्रमांक) काढा आणि ‘नुमास्टॅट -पी’पुढे तो द्या. हीप, स्टॅक वगैरे मेमरीच्या भागांची प्रत्येक नोडवरची मेमरी एमबीत दिसेल. नुसते ‘नुमास्टॅट’ चालवू नका. ते मशीन सुरू झाल्यापासूनचे सगळ्या सिस्टिमचे आकडे देते आणि त्यावरून लोक हमखास भलता निष्कर्ष काढतात.

नेमका कोणता भाग कुठे आहे, हे ‘प्रॉक’ फोल्डरखालच्या पीआयडीच्या फोल्डरमधली ‘नुमा_मॅप्स’ फाइल सांगते. प्रोसेस दुसऱ्याची असेल तर रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लागतील. समजा, हीपच्या ओळीत ‘एन०=२०४८ एन१=५१२०००’ आहे. हे एमबी नव्हेत, पेजेस, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, आहेत. ओळीच्या शेवटी पेजचा आकार ४ केबी दिला असेल, तर नोड ० वर ८ एमबी आणि नोड १ वर २,००० एमबी.

एवढ्यावरून दोष ठरवू नका. ‘पीएस’च्या ‘पीएसआर’ रकान्यात थ्रेड (प्रोसेसमधले कामाचे स्वतंत्र धागे) कोणत्या सीपीयूवर आहेत ते पाहा आणि तो सीपीयू कोणत्या नोडचा, हे ‘एलएससीपीयू’वरून जुळवा. थ्रेडही नोड १ वरच असतील तर सगळे ठीक आहे. ते नोड ० वर असतील तर बहुतेक वेळा कारण एकच: ज्या थ्रेडने पेजला पहिला हात लावला, त्याच्या नोडवर लिनक्स ते पेज ठेवतो. सुरुवातीला एकाच थ्रेडने सगळा डेटा भरला, की सगळी मेमरी एकीकडे जाते.

तात्पुरता उपाय म्हणजे ‘मायग्रेटपेजेस’ने पेजेस हलवणे. प्रोग्रॅम नव्याने सुरू करता येत असेल, तर ‘नुमासीटीएल’ने सीपीयू आणि मेमरी एकाच नोडला बांधणे जास्त चांगले. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, ‘नुमा_बॅलन्सिंग’ चालू असेल तर तो स्वतःही पेजेस हलवतो, म्हणून प्रोसेस कामात असताना थोड्या अंतराने दोनदा आकडे घ्या.