खुर्चीला लोकरीचं कापड लावायचंय? मग हे बघून घ्या

लोकरीची सीट म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, उकडत नाही का? नाही उकडत. लोकर घामाची वाफ ओढून घेते आणि नंतर हवेत सोडून देते, म्हणून मे महिन्यात रेक्झिनसारखी मांडीला चिकटत नाही. टोचू मात्र शकते, त्यामुळे आधी सॅम्पल मागवा आणि ते तळहाताला नाही तर गुडघ्याच्या मागे घासून बघा, खरं तिथेच कळतं.

कुठलं बघायचं सुचत नसेल तर हॉलिंगडाल ६५ बघा. नाना डिट्झेल या डॅनिश डिझायनर बाईंनी १९६५ साली केलेलं, क्वाड्राट कंपनी आजही विकते, ७०% लोकर नि ३०% व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा), रंगाला जी चमक येते ती व्हिस्कोजमुळे. महाग आहे हो, पण एकदा हात लावून ठेवला की दुकानदार काहीही "वूलन" म्हणून पुढे टाकेल तेव्हा फरक लगेच कळतो. तरी शंका आली तर दोन धागे चिमट्यात धरून जाळा, लोकर जळक्या केसांसारखी वासते आणि राख बोटाने चुरडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

लेबलवर मार्टिनडेलचा आकडा असतो, म्हणजे किती घासल्यावर धागे तुटतात ते. घराला २५,००० भरपूर झाले, ऑफिसला ४०,००० च्या वरचं घ्या. हॉलिंगडालचा हा आकडा एक लाख आहे पण डायनिंगच्या खुर्चीला एवढं कशाला लागतंय! त्यापेक्षा गोळे येतात का ते बघा, पिलिंग ५ पैकी निदान ४ हवं. खिडकीजवळ ठेवणार असाल तर लाइटफास्टनेस, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो ते, ८ पैकी ५ तरी.

आता माप. सीट ४५ बाय ४५ सेंमी असेल तर दुमडायला चारही बाजूंनी १० धरा, म्हणजे ६५ चा तुकडा, आणि १३० च्या पन्ह्यात दोन काठोकाठ बसतात, सहा खुर्च्यांना दोन मीटरमध्ये काम होतं. फोम जाड असेल तर हे गणित बिघडतं, तेव्हा आधी टेप लावा. सगळं कापड एकाच लॉटचं घ्या, नंतर आणलेल्याची शेड हमखास वेगळी निघते. कापताना प्रत्येक तुकड्यामागे खडूने एकाच दिशेचा बाण काढा.

स्टेपल आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक, मग तिथून कोपऱ्याकडे, कोपरे अगदी शेवटी. कारागीर जोर लावून खेचत असेल तर थांबवा, विणीच्या रेघा वाकड्या होतात आणि मग त्या रोज जेवताना दिसतात.

आमटी सांडली तर पांढऱ्या सुती कपड्याने टिपा, गरम पाणी टाकून चोळायचं नाही, लोकर आटून घट्ट होते. आणि कसर! ती अंधारात, कोणी हात लावत नाही तिथे लागते, म्हणून व्हॅक्यूम फिरवताना खुर्ची उलटी करून खालूनही फिरवा, गावाला जायच्या आधी तर नक्कीच.