तोंडाचं बोळकं झालेल्या आजी-आजोबांचा एअरवे (श्वासमार्ग): भूल शिकणाऱ्या नव्या पीजींसाठी

नवीन पीजींना वाटतं ऐंशीच्या आजीला श्वासनलिकेत ट्यूब टाकणंच अवघड जाणार. पण दात नसले की लॅरिंजोस्कोप, म्हणजे घशात बघायचं ब्लेडवालं यंत्र, उलट आरामात आत जातो, मान वळत असेल तर कॉर्ड्स (स्वरतंतू) पण छान दिसतात. खरी गडबड होते ती ट्यूबच्या आधी मास्क धरताना आणि शेवटी ट्यूब काढताना, आणि नेमकी त्याच दोन वेळी सगळ्यांना घाई असते.

सुरुवात आदल्या दिवशी वॉर्डात करा, टॉर्च आणि ग्लोव्ह घेऊन. "आजी, कवळी आहे का?" एवढं विचारून पुढच्या बेडवर जाऊ नका. एका आजींनी मला दोनदा "नाही गं बाई" म्हणून सांगितलं, जावई शेजारीच स्टुलावर बसले होते. ते चहाला खाली गेले तशी आजींनी पदर तोंडाला लावला आणि एक पुढचा दात, त्याला तारेची आकडी, अशी छोटीशी पार्शल (अर्धवट कवळी) काढून माझ्या हातावर ठेवली. पूर्ण कवळीपेक्षा ही असली पार्शल जास्त धोक्याची, सुटली की सरळ घशात. म्हणून नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारा आणि हिरडीवरून बोट फिरवून स्वतः बघा.

हलणारा दात असेल तर कुठला ते फाइलवर लिहा, अगदीच लोंबकळत असेल तर डेंटिस्टकडून आधीच काढून घ्या, वेळ नसेल तर सिल्कचा दोरा बांधून त्याचं टोक गालावर चिकटवा. वर्षानुवर्षं मिश्री लावलेल्या आजींच्या हिरड्या नीट बघाच. आजोबा तंबाखू-गुटखावाले असतील तर त्यांचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का, म्हणजे तोंड पुरेसं उघडतं का, बघा.

आता मान. "वर पंख्याकडे बघा" म्हणायचं, आपण धरून मागे ढकलायची नाही. वर बघताना चक्कर येते का, हाताला मुंग्या येतात का विचारा. येत असतील तर जागेपणी जेवढी मान सोसते तेवढीच टेबलवर मागे न्यायची, झोपल्यावर ते काही सांगू शकणार नाहीयेत. जुना आमवात असेल, म्हणजे रूमॅटॉइड, तर मान पुढे-मागे करून काढलेला एक्सरे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टेबलवर घेतलं की डोक्याकडची बाजू २०-२५ डिग्री वर करा. वय वाढतं तसे फुप्फुसातले छोटे एअरवे लवकर मिटतात, आडवं झोपलेल्या माणसात साधारण ४४ व्या वर्षापासून आणि बसलेल्यात ६६ च्या आसपास नॉर्मल श्वासातच ते मिटायला लागतात, त्यामुळे ऑक्सिजनचा साठा कमी आणि सॅच्युरेशन भराभर पडतं. घट्ट मास्क लावून पूर्ण ३ मिनिटं नॉर्मल श्वास घेऊ द्या, मॉनिटरवर दिसत असेल तर एंड टायडल ऑक्सिजन (बाहेर सोडलेल्या श्वासाच्या शेवटचा ऑक्सिजन) ९० टक्के होईपर्यंत थांबा. नाकात प्रॉन्ग्स (ऑक्सिजनच्या छोट्या नळ्या) लावून ठेवा, झोपल्यावर फ्लो १५ लिटर करा.

झोपेचं औषध प्रोपोफॉल किलोला १ ते १.५ मिलिग्रॅम, कधी त्याहून कमी, आणि हळूहळू. रक्ताभिसरण संथ असतं, औषध पोचायला वेळ लागतो, डोळे अजून उघडेच आहेत म्हणून आणखी ढकललं की मिनिटाभरात बीपी कोसळतं. बीपी वर आणणारं मेफेन्टरमाइन भरून हाताशी ठेवा. रिलॅक्संटचा (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा) असर पण उशिरा येतो, टीओएफ (नसेला चार झटके देऊन स्नायू किती सैल झालेत ते मोजणारी तपासणी) बघा, अर्धवट रिलॅक्स झालेल्या पेशंटमध्ये ब्लेड घालू नका.

आता मास्क, इथे थोडं थांबा. बोळक्या तोंडात गाल आत बसतात आणि दोन्ही बाजूंनी हवा सुटते. अशा वेळी जोरात दाबून काही होत नाही. ओरल एअरवे (जीभ मागे पडू न देणारी तोंडातली नळी) घाला, दोन्ही हातांनी मास्क धरा, बॅग दुसऱ्याला दाबू द्या. तरी लीक असेल तर मास्कची खालची कड हनुवटीवर न ठेवता खालच्या ओठाच्या वर टेकवा, बऱ्याचदा एवढ्यानेच सील होतं. गाल आणि हिरडीच्या मधे गॉजच्या गुंडाळ्या ठेवल्या तरी चालतं, पण शेपूट बाहेर हवं आणि किती ठेवल्या ते मोठ्याने बोलायचं. घट्ट बसणारी पूर्ण कवळी असेल तर मास्क व्हेंटिलेशनपुरती ठेवून नंतर काढता येते, पार्शल मात्र कधीच नाही.

लॅरिंजोस्कोपी हळुवार करा, बीपी आणि पल्स उसळले तर हृदयाला झेपत नाही, थोडं फेंटानिल (वेदनाशामक) आधीच द्या. व्हिडिओ लॅरिंजोस्कोप असेल तर पहिल्यांदाच वापरा, राखून ठेवू नका. बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी बारीक लवचिक कांडी) उशाशी. सॅच्युरेशन ९५ च्या खाली जायला लागलं की ब्लेड बाहेर, मास्क वर. तीन प्रयत्नांत नाही झालं तर आयजेल (स्वरयंत्राच्या वर बसणारी श्वासाची नळी), आणि मदतीला हाक त्याच्याही आधी. कॅप्नोची (बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या मॉनिटरची) लाट सलग दिसेपर्यंत ट्यूब आत आहे असं म्हणायचं नाही. चिकटपट्टी जपून, कागदासारखी कातडी असते, काढताना सोलून येते, सुती नाडीने बांधलेलं बरं.

ट्यूब काढताना टीओएफ रेशो ०.९ झालाय का मशीनवर बघा, डोकं उचलतायत म्हणून समाधान मानू नका. रिलॅक्संट म्हाताऱ्या शरीरात रेंगाळतं आणि घशाचे रिफ्लेक्स आधीच मंद असतात, लाळ खोकला न येता गुपचूप खाली उतरते. नजरेने बघून सक्शन करा, गॉज मोजा, डोकं वर करा, पूर्ण जागे होऊ द्या.

आणि आजोबा "कमांड फॉलो करत नाहीत" असं लिहायच्या आधी कानातलं मशीन कुठंय ते विचारा. मी ओटीत ते नावाच्या डबीत ठेवायला लावते, ट्यूब काढायच्या आधी कानात घालते आणि मग म्हणते, "आजोबा, डोळे उघडा, माझा हात दाबा." कितीतरी जण लगेच दाबतात.